रेघेबाहेरचा हत्ती

प्रिय बयो,

तुझं पत्र मिळालं, सोबतचा हत्तीही मिळाला. निळा रंग सोंडेवरून घसरून पार कागदाच्या कडेला गेलाय, आणि खाली बाईंचा शेरा : 'रेषेच्या आत रंगवण्याचा सराव घ्यावा.' त्यावर तू तीन पानं लिहिलीस! पोरगा चार वर्षांचा आणि काळजी तीन पानांची.

खरं सांगू, मी हत्तीकडे फार बघितलंच नाही. बघितले ते फटकारे. सगळे लांबलचक, कमानीसारखे एकाच बाजूला वळलेले. अशी कमान बोटांतून येत नाही, खांद्यातून येते. म्हणजे चिरंजीव अजून अख्ख्या हातानं रंगवतायत, आणि या वयात त्यात वावगं काही नाही. हातावरचा ताबा वरून खाली उतरत येतो : आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, आणि बोटं सगळ्यांत शेवटी. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती बहुतेक कूर्चेचीच, म्हणजे हाड होण्याआधीच्या मऊ लवचिक भागाचीच असतात आणि चौथ्या-पाचव्या वर्षी काढलेल्या एक्स-रेमध्येही त्यातली काही दिसत नाहीत. जिथे हाडंच अजून पक्की व्हायची आहेत तिथे काटेकोर रेघ कुठून मागायची?

पकडीचंही तसंच. दीडेक वर्षाचं मूल खडू मुठीत आवळतं. तीन-चारच्या सुमारास चिमूट जमायला लागते, पण बोटं तशीच ताठ, हलतो तो हात. चिमटीतली बोटं आपापली हलायला पाचवं-सहावं वर्ष उजाडतं. कुणाचं आधी, कुणाचं मागाहून.

यावरून माझीच एक फजिती सांगते. नोकरीचं पहिलंच वर्ष. वर्गात एक पोरगा होता, नवे मेणखडू हातात पडले की कडाकड मोडायचा. एकदा माझा पारा चढला. सगळे तुकडे त्याच्यासमोर ओतले आणि म्हटलं, आता यांनीच रंगव, नवे मिळणार नाहीत. काही दिवसांनी सहज त्याच्या मागे उभी राहिले. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर, करंगळी आणि शेजारचं बोट तळहातात दुमडलेलं, आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट पेराएवढ्या तुकड्याला धरून बारीक बारीक हलतायत. वर्गात तेवढी सुरेख पकड कुणाचीच नव्हती. लांब खडू मुठीत धरूनही चालतो. तुकडा मुठीत धरला तर नाहीसाच होतो, त्याला चिमटीतच धरावं लागतं. शिक्षा म्हणून दिलं आणि तेच औषध निघालं! तेव्हापासून नवा डबा आला की खडू मीच मोडते. शेजारच्या वर्गातल्या बाई अजून हसतात.

तेव्हा पहिलं काम, खडू मोड. स्केचपेनं थोडे दिवस वर ठेवून दे. ती नुसती टेकली तरी गडद उमटतात, बोटांना जोर लावावाच लागत नाही. मेणखडू तसा नाही, दाबाल तितका रंग देतो. किती दाबायचं हे हाताला त्यातूनच कळतं, आणि पुढे पेन्सिलीचं टोक मोडणं किंवा अक्षर पुसट येणं, दोन्ही त्याच हिशेबावर असतं.

दुसरं, कागद भिंतीवर चिकटव, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. उभ्या कागदावर रंगवताना मनगट आपोआप मागे वळतं, आणि मनगट असं वळलं की बोटं मोकळी होतात. खांद्यालाही काम मिळतं. टेबलाशी बसवलंस तर पाय टेकलेले हवेत, लोंबकळत्या पायांनी मूल आधी तोल सांभाळतं आणि उरलेल्या जिवावर रंगवतं. आणि डाव्या हातानं कागद धरतो का, हे बघ. त्याला आठवण करण्यापेक्षा चिकटपट्टी न लावलेला सुटा कागद दे, दोनदा सरकला की हात आपणहून येतो.

पानभर चित्रांची ती जाड पुस्तकं मला मुळीच आवडत नाहीत. एवढं रान भरता भरता हात दुखून येतो आणि मग मूल रंगांनाच कंटाळतं. तळहाताएवढं चित्र दे. रेघेचंच मनावर घ्यायचं असेल तर बाह्यरेघेवर गोंदाची धार सोडून वाळव. खडू त्या उंचवट्याला अडतो आणि कुठे थांबायचं ते बोटांना समजतं, तू बोलायची गरज नाही. आणि त्याचा हात धरून रंगवू नकोस गं. चित्र तुझं होतं, हात त्याचा आळशी होतो.

काळजी कधी करायची, तेही सांगते. सहावं लागलं तरी मूठच, रंग म्हटलं की पळ काढणं, दोन मिनिटांत हात दुखणं, बटणं नि चमचा यांतही तीच रड, असं सगळं एकत्र दिसलं तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे मुलांना रोजची हातातली कामं जमवायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखव. तुझ्या पत्रात यातलं एकही नाही.

बाईंवर रागावू नकोस. तीस पोरांच्या वह्या तपासताना चित्रच दिसतं, हात दिसत नाही. मीही असे शेरे मारलेत.

पुढच्या वेळी फोटो पाठवशील तो चित्राचा नको. रंगवत असताना त्याच्या हाताचा काढ, जवळून. जीभ बाहेर असेल तर तीही येऊ दे.

तुझी,
खडूमोडी