अर्ज घटले म्हणून बेकारी घटली असे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रोहयोच्या (रोजगार हमी योजनेच्या) कामांवर मजूर नाहीत, बेरोजगार भत्त्याची मागणीच नाही, रोजगार केंद्रातली नोंदणी घटली, अशा बातम्या रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या पानांवर अधूनमधून येत असतात. शेवटी निष्कर्षही ठरलेला असतो, की कोकणात काम मागणारे हात आता उरलेले नाहीत. हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. तालुक्याचे नियोजन याच आकड्यांवर होते, त्यामुळे तो नुकसानही करतो. हे आकडे दाखल झालेल्या कागदांचे आहेत. कागद दाखल होण्याआधीच जे अडते त्याची नोंद कुठेच होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी रोहयो. काम हवे असेल तर नमुना ४ भरून ग्रामपंचायतीत द्यायचा, त्यात सलग किमान १४ दिवसांचे काम मागायचे आणि तारीख घातलेली पोच, म्हणजे नमुना ५, हातात घ्यायची. मागणीपासून १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेरोजगार भत्ता लागू होतो. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव पट आणि त्यापुढे किमान निम्मा. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. त्या हिशेबाने दिवसाला ७८ रुपये, पुढे १५६ रुपये. पहिल्या ३० दिवसांचे २,३४० रुपये होतात. हा भत्ता राज्याला स्वतःच्या तिजोरीतून द्यावा लागतो. पोचेवर तारीख पडली की १५ दिवसांची मोजणी सुरू होते, म्हणून तोंडी सांगितलेल्या मागणीला पोच मिळत नाही. काम मंजूर होऊन हजेरीपट निघायची वेळ आली की मगच मागणी संगणकात चढते. समजा, बाईने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काम मागितले, नोंद २० मे रोजी झाली आणि काम २६ मे रोजी सुरू झाले. अहवालात सहा दिवसांत काम दिल्याचे दिसते. मधला दीड महिना गायब होतो आणि भत्त्याचा रकाना कोरा राहतो. तो कोरा रकानाच मग ‘मागणी नाही’ म्हणून छापला जातो.

यावर उपाय साधा आहे, पण चिकाटी लागते. अर्जाच्या दोन प्रती करायच्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. वाडीतल्या दहा-पंधरा जणांनी मिळून एकच सामूहिक अर्ज दिला तरी चालतो, आणि तो नाकारणे जास्त अवघड जाते. ग्रामपंचायतीने घेतला नाही तर तालुक्याच्या कार्यक्रम अधिकाऱ्याकडे अर्ज देण्याची मुभा कायद्यातच आहे. तेही जमले नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवावा, पोस्टाची पावती हाच तारखेचा पुरावा.

काम मिळाल्यावर कोकणातला मजूर का टिकत नाही, हा पुढचा प्रश्न. इथे आळसाचा आरोप सर्रास होतो आणि त्याचा आम्हाला खरोखर संताप येतो. रोहयोची मजुरी हजेरीवर ठरत नाही, झालेल्या कामाचे माप घेऊन दरसूचीप्रमाणे ठरते. आंब्याच्या कलमासाठी एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल असा खड्डा लागतो. १० बाय १० मीटरवर लागवड केली तर हेक्टरी १०० खड्डे. मळ्यातल्या मातीत हे काम वेगळे आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वेगळे. वरची वीतभर माती संपली की जांभा दगड लागतो आणि पहारीचे घाव मारून तुकडा-तुकडा काढावा लागतो. अंदाजपत्रकात ही जमीन ‘मऊ मुरूम’ म्हणून लिहिली गेली असेल, तर दिवसभर राबूनही मापात पूर्ण रोज भरत नाही. दोन आठवडे निम्म्या मजुरीवर काम केलेली बाई तिसऱ्या आठवड्यात येत नाही, यात नवल काय? काम सुरू होण्याआधी तांत्रिक सहाय्यकाकडून जमिनीचा प्रकार आणि त्याचा दर लिहून मागावा. खड्डे बुजल्यावर केलेल्या तक्रारीचा उपयोग होत नाही.

शिवाय बागेत, बांधकामावर पुरुषाला रोहयोपेक्षा बरीच जास्त रोजंदारी मिळते, त्यामुळे तो इकडे येत नाही हे खरे आहे. पण गावात उरलेल्या बायका आणि वयस्क माणसे यांना ती रोजंदारी मिळत नाही. मागणी त्यांची असते. मोजताना मात्र पुरुषांकडे बघून ‘इथे गरज नाही’ असे ठरवले जाते.

हजेरीसाठी मोबाइल अॅपवर दिवसातून दोनदा कामाच्या जागेचा फोटो चढवावा लागतो. सड्यावर किंवा खोल वहाळात नेटवर्क नसले आणि फोटो चढला नाही, तर तो दिवस गेला. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जाते, आणि इथे एक घोळ आम्हाला पुन्हा पुन्हा दिसतो. आधार ज्या बँकेशी शेवटचे जोडले गेले, त्या खात्यात पैसे पडतात. मधल्या काळात लाडक्या बहिणीच्या पैशांसाठी अनेकींनी नवीन खाती उघडली. त्या जुन्या बँकेचे पासबुक भरून बघतात, पैसे नाहीत म्हणून काम सोडतात, आणि मजुरी दुसऱ्याच खात्यात पडून असते. आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रावर पाच मिनिटांत बघता येते. आधी ते बघा, मग तक्रार करा. जॉबकार्डावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, असे असेल तर ते दुरुस्त झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या रोजगार हमीच्या नव्या कायद्यात १२५ दिवसांची हमी आहे. त्याचबरोबर पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे. ते ६० दिवस कोणते, हे कोकणासाठी वेगळे ठरवायला हवे. आमच्याकडे भाताची लावणी जुलैत आणि कापणी ऑक्टोबरात. मधला ऑगस्ट-सप्टेंबर हा खरा रिकामा काळ. त्यात कामे बंद राहिली तर त्या महिन्यांतली मागणी शून्य दिसेल आणि पुन्हा तोच अर्थ लावला जाईल.

महिन्यांचा हा घोळ सगळ्याच आकड्यांत आहे. मे महिन्यात आंब्याची तोड, पेट्या भरणे, काजूचे कारखाने, पर्यटन, सगळे एकदम चालू असते. जूनमध्ये ते आवरते, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मे आणि जूनची तुलना करून ‘बेकारी वाढली’ म्हणणे जितके निरर्थक, तितकेच सप्टेंबर-ऑक्टोबरची तुलना करून ‘घटली’ म्हणणे. जूनची तुलना मागच्या जूनशीच व्हावी. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या साप्ताहिक मोजणीत तर आठवड्यातल्या कोणत्याही एका दिवशी एक तास काम केलेली व्यक्ती रोजगारात धरली जाते. हर्णै बंदरात लिलावाच्या वेळी तासभर मासळी निवडणारी बाई त्या मोजणीत बेरोजगार नाही. ही व्याख्या देशभर एकच आहे आणि तिचा उपयोगही आहे, पण तिच्यावरून वाडीची स्थिती सांगू नये.

आता कारखान्यांकडे. रोहा, महाड, लोटे-परशुराम या रासायनिक पट्ट्यात कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने आहेत. ज्यांची ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जाते, त्यांना नोकरी गेल्यावर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम मिळू शकते, आयुष्यात एकदा. कितीतरी कामगारांना हे ठाऊकच नसते. हिशेब असा, की मागच्या चार अंशदान काळांतली, म्हणजे वर्गणीच्या सहा-सहा महिन्यांच्या चार काळांतली, एकूण कमाई भागिले ७३०. महिना १५,००० रुपये पगार दोन वर्षे सलग असेल तर ३,६०,००० भागिले ७३०, म्हणजे रोजचे सुमारे ४९३ रुपये. त्याचे निम्मे २४६ रुपये आणि काही पैसे, ९० दिवसांचे सुमारे २२,१९० रुपये. घर तीन महिने तग धरू शकते.

अटी तीन, आणि आमच्याकडचे बहुतेक दावे त्यातल्या दुसरीवर अडतात. किमान दोन वर्षे विमायोग्य नोकरी हवी. नोकरी जाण्याच्या लगतच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी एकात आणखी ७८ दिवसांची. अंशदान काळ म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. गैरवर्तनामुळे काढलेले, निवृत्त झालेले किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेले यांना लाभ नाही. म्हणून सक्तीने घेतलेल्या राजीनाम्यावर सही करण्याआधी दहा वेळा विचार करावा.

७८ दिवस का भरत नाहीत? ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार त्याच माणसाला नवा विमा क्रमांक काढून देतो. काम तेच, गेट तेच, पण नोंद दोन तुकड्यांत विभागली जाते आणि एकाही तुकड्यात दोन वर्षे किंवा दोन्ही काळांतले ७८ दिवस पूर्ण होत नाहीत. ठेकेदार बदलताच जुना क्रमांक लेखी कळवावा आणि पगारपत्रकावर तोच आला आहे का, ते पहिल्याच महिन्यात तपासावे. दोन क्रमांक आधीच झाले असतील तर शाखा कार्यालयात ते एकत्र करण्याचा अर्ज नोकरी चालू असतानाच द्यावा. नोकरी गेल्यावर ठेकेदाराचा फोनही लागत नाही. दावा नोकरी गेल्यानंतर ३० दिवसांनी करता येतो, मालकाच्या सहीची गरज नाही. आधार, बँक पासबुकाची प्रत आणि अर्ज थेट शाखा कार्यालयात. ही योजना मुदतीची आहे आणि मुदतवाढीवर चालते, म्हणून आधी तेवढे विचारून घ्यावे.

मच्छीमारांच्या बंदीकाळातल्या मदतीबद्दल थोडक्यात. लाभार्थीचे १,५०० आणि सरकारचे ३,००० असे ४,५०० रुपये तीन महिन्यांसाठी, वय १८ ते ६०. वर्गणी आधी भरलेली नसेल तर बंदी सुरू झाल्यावर अर्ज करून उपयोग नाही. उचल घेऊन हंगामावर येणारा बाहेरचा खलाशी इथल्या मच्छीमार सोसायटीचा सभासद नसतो, त्यामुळे तो या यादीत येतच नाही.

रोजगार केंद्राच्या नोंदणीबद्दल एवढेच, की वर्षानुवर्षे पत्र न आलेला तरुण नूतनीकरण करत नाही आणि यादीतून गळतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणाच्या ६, ८ किंवा १० हजारांच्या विद्यावेतनावर असलेल्यांनाही नोकरी लागलेले समजू नये. अकरा महिने संपले की तो पुन्हा घरी.

आमची मागणी जिल्हा प्रशासनाकडे आणि आपल्या वृत्तपत्राकडेही आहे. रोहयोचे तालुकावार आकडे देताना ‘मागणी’ पोचेच्या तारखेनुसार द्यावी, सोबत १५ दिवसांत काम न मिळालेल्यांची संख्या, दिलेला भत्ता, पैसे परत गेलेली खाती आणि सरासरी प्रत्यक्ष रोज किती पडला, हे छापावे. ईएसआयच्या शाखांनी मंजूर दाव्यांबरोबर फेटाळलेले दावे कारणासह जाहीर करावेत. ७८ दिवसांच्या अटीवर किती गेले आणि दुहेरी क्रमांकामुळे किती, हे वेगळे दिसू द्या. रोहयोचे पहिले तक्ते येत्या ऑगस्टच्या आत आले, तर रिकाम्या दोन महिन्यांची कामे गणपतीआधी मंजूर करून घेता येतील.

आपले,
मजुरांचे अर्ज भरून देणारे कार्यकर्ते, चिपळूण-खेड परिसर