विजयदुर्गच्या काकींना आभाराचे पत्र

आदरणीय काकी,
सप्रेम नमस्कार.

खरे तर हे पत्र पाकिटातून तुमच्याकडे यायला हवे होते. परंतु म्हाताऱ्या माणसांना घेऊन विजयदुर्गला जाणे जमेल का, असे आम्हाला आता बरेच जण विचारतात, म्हणून ते सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. तुमचे नाव कुठेही घालायचे नाही, ही तुमची अट पाळली आहे.

आधी ठरवलेल्या मुक्कामाच्या ठिकाणाने, सोबत ऐंशी ओलांडलेले वडील आहेत हे कळताच, आयत्या वेळी अंग काढून घेतले. त्यानंतर ओळखीच्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला. तुम्ही पहिल्यांदा विचारलेत ते माणसे किती आणि दिवस किती हे नव्हे, तर बाबांना किती पायऱ्या चढवतात हे. आम्ही पोचलो तेव्हा तुमच्या वाडीतल्या त्या कौलारू कॉटेजच्या न्हाणीघरात धरायला एक दांडा नव्याने बसवलेला होता, त्याच्या मुळाशी लावलेले सिमेंट अजून पुरते वाळलेही नव्हते, आणि पडवीच्या उंच पायरीपुढे एक सपाट चिरा मांडून तिची चढण निम्मी केलेली होती. याविषयी तुम्ही स्वतःहून एक अक्षर काढले नाहीत. पैसे मोजून मिळणारी सोय आणि आधीच विचार करून ठेवलेली सोय यांत फरक असतो, तो आम्हाला तिथे दिसला.

बाबांची इच्छा किल्ला पाहण्याची नव्हतीच. लहानपणी ते आजीबरोबर मुंबईहून कोकण बोटीने विजयदुर्गला यायचे, बंदरात बोटीतून पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायचे आणि पुढे खाडीने वाघोटणपर्यंत आत जायचे. तो पाण्याचा रस्ता त्यांना एकदा पुन्हा पाहायचा होता. बोटी बंद होऊन कित्येक वर्षे लोटली आहेत, त्यामुळे आम्ही ही गोष्ट मनावर घेतली नव्हती. तुम्ही मात्र ती ऐकली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी पाहिली आणि एवढेच म्हणालात, ‘भरती येवंदे, मगे जावया.’ ओहोटीला धक्का आणि होडी यांत पुरुषभर उंचीचे अंतर पडते, तर भरतीच्या माथ्यावर होडीची कड जवळजवळ धक्क्याला लागते. बाबांना उचलून उतरवावे लागू नये, यासाठी तुम्ही सगळ्यांचे जेवण दोन तास पुढे ढकललेत. तुमच्या पुतण्याने होडी धरून ठेवली आणि बाबा काठी टेकत स्वतःच्या पायांनी तिच्यात गेले. त्यांच्या दृष्टीने सहलीचे सार्थक तेवढ्यात झाले होते.

होडीत तुम्ही जे सांगितलेत, त्याबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. या खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा नाही, म्हणून वाऱ्यापावसातही जहाजे आत येऊ शकत, आणि मराठा आरमाराचे सरदार असलेल्या आंग्र्यांच्या गुराबा व गलबते ही लढाऊ जहाजे उथळ पाण्यात चालणारी असल्यामुळे पाठलाग करणारे मोठे जहाज बाहेर थांबे व ती आत निसटत, हे पुस्तकात वाचूनही आम्हाला नीट उमगले नव्हते. खाडीच्या काठी खडक खोदून केलेल्या गोदीपाशी तुम्ही होडी थांबवायला लावलीत. शंभर मीटरांहून लांब असलेल्या त्या खळग्यात भरतीबरोबर जहाज आणायचे, ओहोटीने पाणी उतरले की तोंड बंद करायचे आणि कोरड्या जागेत तळ दुरुस्त करायचा. ना वाफ, ना यंत्र, नुसता चंद्राचा हिशेब. हे सारे आरमार फेब्रुवारी 1756 मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी समुद्राकडून हल्ला केला तेव्हा, बंदरातच जळाले. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून पकडलेल्या एका जहाजावर बॉम्ब पडला आणि शेजारी शेजारी उभ्या असलेल्या जहाजांतून आग पसरत गेली. पेशव्यांचे सैन्य त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होते, हेही तुम्ही गाळले नाहीत. कोकणात फिरताना हा भाग आम्हाला बहुतेक वेळा हळू आवाजात ऐकायला मिळाला आहे.

किल्ल्यात तुम्ही आम्हाला सकाळी लवकर पाठवलेत, उन्हाच्या आत. बाबा प्रवेशद्वाराजवळच्या मारुतीपाशी सावलीत बसले आणि आम्ही तिहेरी तटबंदी फिरून आलो. त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, मी पुन्हा लिहीत नाही. किल्ल्यातल्या ‘साहेबाच्या ओट्यां’विषयी मात्र लिहिले पाहिजे. हेलियमचा शोध याच ओट्यांवरून लागला, असे आम्हाला वाटेत दोघातिघांनी छातीठोकपणे सांगितले होते. संध्याकाळी पडवीत तुम्ही ती गाठ सोडवलीत: 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेच्या प्रकाशाच्या वर्णपटात, जिच्यावरून पुढे हेलियम ओळखला गेला ती पिवळी रेषा दिसली, तेव्हा या शोधाशी ज्यांची नावे जोडली जातात त्या खगोलशास्त्रज्ञांपैकी जान्सेन गुंटूरला होते आणि लॉकयर इंग्लंडमध्ये, लॉकयर विजयदुर्गला आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. इथे त्यांनी ग्रहणाचा वेध घेतला, ते ओटे त्याच कामाचे. आपल्याच गावाच्या मानातला एक तुरा स्वतःच्या हाताने बाजूला काढून ठेवणारी माणसे फार थोडी असतात. माझ्या मते खऱ्या हकिकतीने विजयदुर्गचे काहीही कमी होत नाही. एवढ्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाने साऱ्या सरंजामासह या बंदरावर उतरावे, ही गोष्ट लहान नव्हे.

जेवणाविषयी लिहू लागले तर पत्र आवरणार नाही. सकाळची उकड्या तांदळाची पेज, तिच्यावर लोणच्याचा खार, आणि बाबांच्या दातांचा विचार करून त्यांच्यापुरती मऊ भिजवून दिलेली आंबोळी एवढ्याचाच उल्लेख करते. पुण्यात परतल्यावर बाबा रोज पेज मागतात आणि आमची पेज त्यांना पटत नाही; तेव्हा तुमच्याकडच्या उकड्या तांदळाचे पाच किलो पार्सलने पाठवावेत, पैसे लगेच पाठवते.

शाळेतल्या मुलांना दाखवायला बोटीच्या बंदरांचा क्रम बाबांकडून लिहून मागितला होतात, तो त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे: भाऊचा धक्का, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, पणजी. प्रत्येक बंदरासमोर, तिथे काय खायला मिळायचे आणि कुठे उलट्या व्हायच्या, हेही आठवेल तसे नोंदले आहे. कागद या आठवड्यात टपालात टाकते. मुलांनी काही प्रश्न विचारले तर जरूर कळवा, उत्तरे द्यायला बाबा तयार बसलेले आहेत.

तुमच्या पुतण्याला आणि घरातील सर्वांना आमचा नमस्कार सांगावा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली नम्र,
बाबांची थोरली