यंदाची मदत मच्छरदाण्यांसाठी हवी आहे : बडोदेकर मराठी बंधुभगिनींना आवाहन

सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठातली पहिली सर पडली की मंडळाच्या सर्पमित्र पथकाचे फोन वाजू लागतात. मांजलपूरला बंगल्याच्या गॅरेजमध्ये धामण, गोत्रीच्या सोसायटीत मीटरच्या पेटीमागे कवड्या, हरणीला नव्या बांधकामावर नाग. पथकातली मुले जातात, साप नळीतून पिशवीत घेतात, वनखात्याकडे नोंद करतात आणि जवळपासच सोडून येतात. घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो, चहा होतो, आजोबा पाकीट काढतात. या कामाला बडोद्यात पैशांची फारशी चणचण कधी पडलेली नाही. साप आपल्याच दारात आलेला असला की हात आपसूक खिशात जातो.

यंदाचे आवाहन त्या कामासाठी नाही. पकडण्याचे सामान पुरेसे आहे. मदत हवी आहे ती वाघोडिया, सावली, डभोई, पादरा आणि करजण तालुक्यांत शेतातच झोपडी घालून राहणाऱ्या कुटुंबांसाठी. मच्छरदाण्या, बॅटऱ्या, गमबूट आणि रात्री दोन वाजता कोणाला तरी दवाखान्यात पोचवायला लागणारे पेट्रोल, एवढीच मागणी आहे.

कारण साप बडोद्यात दिसतो आणि माणूस खेतरात मरतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला आहे. त्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले, आणि चौथ्या हिश्शाहून जास्त पंधरा वर्षांखालच्या मुलांचे. बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले, तेही घरी, म्हणजे दवाखान्याचे तोंड न बघता. ज्या आठ राज्यांत मिळून सुमारे सत्तर टक्के मृत्यू झाले, त्यांत गुजरातही आहे.

आपल्याकडे माणूस मारणारे साप चारच मानतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. गावात यांतल्या मण्यारीला काळोतरो आणि घोणशीला खडचितळो म्हणतात. पथकाबरोबर येणाऱ्यांनी ही नावे लक्षात ठेवावीत. नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, फुरसे अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करते. मण्यार काहीच करत नाही. दिवसा ती बिळात किंवा विटांच्या ढिगात गप्प पडून असते, रात्री भक्ष्य शोधत फिरते आणि फिरता फिरता जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या गोधडीत शिरते. माणूस कुशीवर वळतो, ती चावते. दात इतके बारीक की पुष्कळदा खूणही दिसत नाही, दुखत नाही, सूज येत नाही. झोपलेला जागा झालाच तर मुंगी चावली असे म्हणून पुन्हा झोपतो. पहाटे पोटात कळ येते, गिळता येत नाही, पापण्या मिटू लागतात, आणि घरचे म्हणतात रात्रीचे जेवण बाधले. ओवा-सोडा देण्यात तास-दोन तास जातात. हे विष श्वासाचे स्नायू लुळे पाडते. वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर यातला माणूस धडधाकट उठून घरी जातो, म्हणून त्याचे जाणे जास्त लागते.

छोटाउदेपूर, दाहोद, पंचमहालकडून कापूस वेचायला, भात लावायला, वीटभट्ट्यांवर कामाला येणारी कुटुंबे कशी राहतात हे करजण-डभोई रस्त्यांवरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. चार बांबू, वर निळे प्लास्टिक, खाली जमीन. धान्याचे पोते उशाशी, पोत्यामागे उंदीर, उंदरामागे साप. यांना आपण "घराभोवतीचे गवत कापा, भिंतींच्या फटी बुजवा" असे सांगणे म्हणजे चेष्टाच. भिंत असेल तर फट! त्यांच्या हातात येण्याजोगी एकच भिंत आहे, ती मच्छरदाणीची. कडा गोधडीखाली नीट खोचलेल्या असल्या तर मण्यार आत येत नाही. आग्नेय नेपाळमधल्या खेड्यांत केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका बराच कमी असल्याचे त्यात स्पष्ट दिसले. डास चावत नाहीत, मलेरिया टळतो, हा वरचा नफा.

तेव्हा मच्छरदाणी कशी हवी, ते सांगतो. घडीची, खाली तळ असलेली, चेनची मिळाली तर उत्तमच, पण ती महाग पडते. साधी चालेल. दोन मोठी माणसे आणि एक मूल मावेल इतकी मोठी, चारी कोपऱ्यांना नाड्या आणि कडा खोचता येतील इतकी खाली लोंबणारी हवी. फाटकी नको. बॅटरी सेलवर चालणारी द्या, कारण झोपडीत चार्जिंगची सोय नसते. सोबत सेलचा एक जास्तीचा जोड द्या. गमबूट जुने चालतील, भोक नसले म्हणजे झाले. भर दुपारी गमबूट घालून निंदणी कोणी करत नाही, तसा आमचा आग्रहही नाही. पण रात्रीच्या विजेवर पाणी सोडायला जाणारा माणूस अनवाणी, अंधारात, बांधाच्या गवतातून चालतो आणि घोणस त्याच गवतात वेटोळे घालून बसलेली असते. पाय पडला की ती चावणार. त्या तासाभरासाठी गमबूट आणि बॅटरी. एका कुटुंबाचा हा सगळा संच घाऊक बाजारात साधारण हजार-बाराशे रुपयांत बसतो. जुने कपडे, भांडी, शिळी पक्वान्ने कृपया आणू नयेत. ती वाटण्यात पथकाचा दिवस जातो.

आता पेट्रोलविषयी. १०८ची गाडी फुकट येते आणि तिला फोन करणे हे पहिले काम, याबद्दल दुमत नाही. अडचण होते ती खेतरातून डांबरी रस्त्यापर्यंतच्या चिखलात. तिथे मोटरसायकलच चालते. नेपाळच्याच दमक भागात गावच्या स्वयंसेवकांनी रुग्णाला मोटरसायकलवर मध्ये बसवून, मागून एकाने धरून, थेट उपचारकेंद्रात नेण्याची पद्धत बसवली आणि बरोबरीने गावोगाव माहिती दिली. तिथले सर्पदंशातले मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आले. यात कसलेही यंत्र नाही, नवे औषध नाही. गावातले दोन जवान, एक गाडी आणि टाकीत तेल. आम्हाला प्रत्येक गावात असे दोघे-तिघे उभे करायचे आहेत. त्यांना मानधन देणार नाही, पण रात्री-अपरात्री खिशातले पेट्रोल जाळायला लावणेही बरोबर नाही. त्यासाठी वेगळा पेट्रोल निधी ठेवणार आहोत.

मंडळ स्वतःच सर्पदंशावरची लस विकत घेऊन का ठेवत नाही, असे काही देणगीदार कळकळीने विचारतात. ते इंजेक्शन घरी टोचण्यासारखे नसते. घोड्याच्या रक्तापासून केलेले हे प्रतिविष शिरेतून द्यावे लागते, सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात, लहान मुलालाही मोठ्याइतक्याच. आणि त्याची जोरदार रिअॅक्शन येऊ शकते म्हणून अॅड्रेनलिन हाताशी घेऊन डॉक्टर शेजारी उभे असावे लागतात. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते. शहरात सयाजीराव रुग्णालय (एसएसजी) आहे, गोत्रीचे रुग्णालय आहे. तुमचा पैसा लसीत घालणे म्हणजे भरल्या माठात पाणी ओतणे. माठापर्यंत माणूस पोचत नाही, दुखणे ते आहे.

पोचत का नाही, याचे एक कारण वाटेतल्या देरीत, म्हणजे छोट्या देवळात आहे. मध्य गुजरातेत भाथीजी महाराजांना साप चावलेल्यांचा त्राता मानतात. भुवा, म्हणजे तिथला देवऋषी, दोरा बांधतो, कडुलिंबाचा पाला देतो, आणि खरोखरच पुष्कळ लोक बरे होतात, कारण चावलेला साप बहुतेक वेळा बिनविषारी असतो, आणि विषारी असला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. यशाचा वाटा भुव्याला जातो, अपयशाचा नशिबाला. आमच्या पथकाने या श्रद्धेशी भांडण मांडलेले नाही. भुव्यालाच बैठकीत बोलावतो, खुर्ची देतो आणि सांगतो, दोरा बांधा, पण १०८मध्ये बसून बांधा आणि सैल बांधा. नवस फेडायला आम्हीही येऊ. काही जण ऐकतात. अशा बैठकांना घरातल्या वडीलधाऱ्यांनी, विशेषतः निवृत्त डॉक्टर, नर्स आणि शिक्षकांनी यावे ही विनंती. गुजराती उत्तम बोलता आले पाहिजे. आपल्यापैकी कोणाला येत नाही? पांढरे केस असलेल्या माणसाचे बोलणे गावात वजनदार ठरते. आमची विशीतली मुले बोलली की लोक साप दाखवा म्हणतात.

बैठकीत काय सांगायचे ते थोडक्यात. चावल्यावर पळू नये, चालूही नये. चावलेला हात किंवा पाय फळी लावून, मोडल्या हाडासारखा स्थिर ठेवावा. अंगठी, कडे, जोडवी, पैंजण लगेच काढावेत. सूज चढल्यावर ते कापून काढावे लागतात. घट्ट आवळपट्टी नको, ब्लेडने चिरणे नको, तोंडाने चोखणे नको, बर्फ नको. कोणी आधीच आवळून बांधले असेल तर घरी झटकन सोडू नये, ते दवाखान्यात डॉक्टरांसमोर सोडावे. उलटी होत असेल तर कुशीवर निजवावे. चावल्याची वेळ लक्षात ठेवावी. साप मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही, डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. घोणशीचा संशय असला तर रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून गोठते का ते पाहतात. सापामागे काठी घेऊन धावताना दुसरा माणूस चावून घेतो, तो रुग्ण अगदी विनाकारण वाढतो.

शहरातल्यांनी आपण यातून सुटलो असे समजू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी वस्त्यांत शिरली तेव्हा २७ ते २९ तारखेच्या तीन दिवसांत वनखात्याने नागरी वस्तीतून २४ मगरी आणि साप, कासवे धरून ७५ इतर प्राणी उचलले. मगरीची बातमी होते, ते स्वाभाविकच आहे. पण परशुराम भठ्ठ्यासारख्या सखल वस्तीतली माणसे शाळांच्या फरशीवर झोपली होती आणि पाण्याने बिळातून उठवलेले सापही कोरडी जागा शोधत होते. म्हणून जमलेल्या मच्छरदाण्यांतला एक हिस्सा पूर येईपर्यंत मंडळाच्या माळ्यावर बांधून ठेवणार आहोत. पूर नाही आला तर दिवाळीनंतर कापूस वेचणाऱ्यांकडे जाईल.

नागपंचमी आता फार दूर नाही. आपली श्रावण शुद्ध पंचमीला, गुजराती शेजाऱ्यांची वद्य पंचमीला, म्हणजे गारुड्यांना बडोद्यात दोन हंगाम मिळतात. टोपलीतल्या नागाचे दात उपटलेले असतात, कित्येक दिवस पाणी दिलेले नसते, म्हणून तो दुधाला तोंड लावतो. दूध त्याचे अन्न नव्हे, त्यातून मरतोही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे, त्याखाली नाग बाळगणे हा गुन्हा आहे. पूजा पाटावर गंधाने काढलेल्या नागाची करावी, आपल्या आज्या तशीच करत. दिंडे करा, त्या दिवशी चिरणे-तळणे टाळा, परंपरा पुरेशी सांभाळली जाते. आणि टोपलीत पडणार असलेली दक्षिणा मंडळाच्या पेटीत टाका.

पथकाविषयी दोन गोष्टी, कारण देणगीदाराला त्या विचारण्याचा हक्क आहे. पहिली, आमची मुले सापासोबत फोटो काढत नाहीत, रील टाकत नाहीत, गळ्यात घालत नाहीत. ज्याला ते करायचे आहे त्याने दुसरे पथक पाहावे. दुसरी, "पावागडच्या जंगलात नेऊन सोडा" असा आग्रह घरोघरी होतो, तो आम्ही मान्य करत नाही. सापाला आपला टापू ओळखीचा असतो. अनोळखी रानात तो आडोसा शोधत भटकतो आणि बऱ्याचदा मरतो. धामणीला तर नेऊच नका म्हणून आम्ही हात जोडतो. ती उंदीर खाते, चावली तरी विष नाही, आणि ती गेली की उंदीर वाढतात.

वस्तू आणि रक्कम मंडळाच्या दांडिया बाजारातील कार्यालयात रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ स्वीकारली जाईल. आषाढी एकादशीपर्यंत आलेल्या वस्तू पहिल्या फेरीत वाटता येतील. नंतर आलेल्याही घेऊच, पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळतो. धनादेश मंडळाच्या नावाने काढावा, मागे "सर्पदंश निधी" असे लिहावे, म्हणजे तो गणेशोत्सवाच्या खात्यात जाणार नाही. पेट्रोल निधीला द्यायचे असेल तर तसे वेगळे सांगावे. रोख देणाऱ्यांनी पावती घेतल्याशिवाय जाऊ नये, कार्यकर्ता ओळखीचा असला तरी. कोणत्या गावात किती संच दिले याची यादी कोजागिरीच्या कार्यक्रमात फलकावर लावली जाईल. ज्यांना स्वतः वाटपाला यायचे आहे त्यांनी कार्यालयातल्या वहीत नाव आणि मोकळा रविवार लिहावा. गाडी मंडळाची, डबा आपला.

आपले,
मंडळाची कार्यकारिणी आणि सर्पमित्र पथक, बडोदा