नुसत्या सहीआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलता बोलता बाबा, तुम्ही सहज म्हणालात, "आत्याचा मुलगा येऊन गेला. दुकानासाठी बँकेचं कर्ज घेतोय. नुसती सही पाहिजे आणि आपला सातबारा जोडायचाय म्हणाला." आणि लगेच पावसाचा विषय काढलात. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. फोनवर हा विषय निघाला की तुम्ही "बघू, बघू" म्हणत फोन आईकडे देता, म्हणून हे पत्र. सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा, कारण यातलं बरंचसं तिच्यासाठी आहे.

आधी एक सांगते. आत्याचा मुलगा लबाड आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. पोरगा कष्टाळू आहे. कृषी सेवा केंद्र चालवणं काय असतं ते मला ठाऊक आहे. शेतकरी खतं-औषधं नेतो ती हंगामाच्या उधारीवर, माल देणाऱ्याला मात्र पैसे वेळेवर लागतात. मधली ओढाताण दुकानदाराची. त्याला सी.सी., म्हणजे बँकेची कॅश क्रेडिटची सोय, हवी असणार हे उघड आहे. "मामा, तुमच्यापर्यंत काही येऊ देणार नाही," हे तो मनापासूनच म्हणाला असेल.

थोरल्या काकांचा दादाही मनापासूनच म्हणाला होता. 2008 सालची गोष्ट. द्राक्षबागेचा मांडव, अँगल, तारा, ठिबक, या सगळ्यासाठी अडीच लाखांचं कर्ज. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम नोकरीवर, म्हणून जामीनदार तुम्ही. "काका, हप्ते मी भरणार, तुमची नुसती सही." सुरुवातीचे हप्ते त्याने भरलेही. मग 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. किनाऱ्यावर ते कुठेतरी अलिबागकडे धडकलं, पण अवकाळीने आपल्या तासगावच्या बागा झोडपल्या. बाग नेमकी फुलोऱ्यात होती. डावणीची बुरशी आली, पाठोपाठ घडांची गळकूज. घडाला नुसतं बोट लावलं तरी मणी हातात गळून यायचे. दादा बांधावर डोक्याला हात लावून बसला होता ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्याने फसवलं नाही. त्याच्या हातात काही राहिलंच नाही.

तुमच्या सहीचं मात्र काही बदललं नाही. मदत मागणारा खोटं बोलतो म्हणून ती अंगावर येत नाही, बाबा. ती केवढी होईल हे त्याचं त्यालाच माहीत नसतं, आणि आपण सही मात्र पुऱ्या रकमेवर करून बसतो.

बँकेचं रजिस्टर पत्र आलं तेव्हा दिवाळी होती. आईने ते देवघरातल्या फोटोमागे ठेवलं आणि सण होईपर्यंत तुम्हाला दाखवलं नाही. नंतर कळलं की कर्जाच्या वेळी पुढे सरकवलेल्या कागदांत पगारातून कपातीचं संमतीपत्रही होतं. सहकार कायद्याच्या 49 व्या कलमात त्याची सोय आहे. तुमच्या पगारपत्रकावर कपातीच्या रकान्यात एक आकडा येऊ लागला आणि वर्षानुवर्षं येतच राहिला. मुद्दल, त्यावर व्याज, त्यावर दंडव्याज, शिवाय वसुलीचा खर्च. सही करताना तुमच्या डोक्यात अडीच लाख होते. भरताना अडीच लाखांवर थांबलं नाही.

आणि ते तेवढ्यावरही भागलं नाही. धाकट्याच्या शैक्षणिक कर्जासाठी आपण दुसऱ्या बँकेत गेलो होतो, आठवतं? तुम्ही सहकर्जदार. तिथल्या बाईंनी संगणकाचा पडदा आपल्याकडे वळवला आणि बोट ठेवून दाखवलं. तुमच्या नावावर, जामीनदार म्हणून, थकीत कर्ज. एक रुपयाही स्वतःसाठी न घेतलेला माणूस तिथे थकबाकीदार दिसत होता. तुम्ही काही बोलला नाहीत. नुसता रुमाल काढून चष्मा पुसलात. धाकट्याची पहिल्या वर्षाची फी आईच्या पाटल्या गहाण ठेवून भरली.

आई, हे तुझ्यासाठी लिहितेय. आपल्या घरात शब्द बाबांनी दिला आणि तो निभावला तू. हाच आतेभाऊ "बारावीपुरता" राहायला आला आणि डी.एड. होईपर्यंत राहिला. तेव्हा तुला कुणी विचारलं होतं का? आमच्या डब्यांच्या आधी त्याचा डबा भरलेला असायचा. तो पहाटे अभ्यासाला बसायचा म्हणून तूही पहाटे उठायचीस. तू त्याला कधी परका मानलं नाहीस, आणि तो आजही तुझ्या पाया पडताना रडतो. ते सगळं खरं आहे. तरी त्या वर्षांत तुझी कंबर धरली ती धरलीच. कपात सुरू झाली तेव्हाही तसंच. तेल किती आणायचं, दूध किती घ्यायचं, नवं लुगडं पुढच्या वर्षी, हे हिशेब तू बसवलेस. सही बाबांची, काटकसर तुझी. म्हणून या वेळी कागदावर काही होण्याआधी बाबांनी तुला विचारावं, आणि तू "तुम्ही म्हणाल तसं" असं म्हणू नयेस, एवढं मला हवंय.

आता कायद्याचं. इथल्या ओळखीच्या वकीलबाईंकडे मी मुद्दाम जाऊन बसले, कारण ऐकीव माहितीवर तुम्हाला अडवणं बरं नव्हे. करार कायदा 1872 चा आहे. त्याचं 128 वं कलम सांगतं की, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची. आधी दुकान विका, त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1968 सालीच हे सांगून ठेवलंय. बँक सरळ तुमच्या दारात येऊ शकते. नोकरीतल्या माणसाचा पगार नियमित आणि शेतकऱ्याचं उत्पन्न पावसावर, तेव्हा ती कुणाच्या दारात आधी येणार हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, आता मी निवृत्त आहे, पेन्शनला कुणी हात लावू शकत नाही. पेन्शनवर जप्ती येत नाही हे बरोबर आहे, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 60 व्या कलमात तसं आहे. पण बँकवाले तुमच्या पेन्शनकडे बघतच नाहीयेत. त्यांना सातबारा हवाय. "सातबारा जोडायचाय" म्हणजे ओळखीसाठी झेरॉक्स लावायची, असं तुम्ही धरून चालला असाल तर तसं नाही. ती जमीन तारण जाणार, फेरफार होणार आणि इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा चढणार. उद्या तुमच्या दवाखान्यासाठी त्यातला तुकडा विकायची वेळ आली तर आधी बोजा उतरवावा लागेल, म्हणजे त्याचं कर्ज फिटावं लागेल.

सी.सी.चं आणखी एक आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. दादाचं कर्ज निदान एकदा घेतलं आणि हप्त्याहप्त्याने कमी व्हायचं होतं. सी.सी. तशी नसते. पैसे भरायचे, पुन्हा उचलायचे, वर्षाला नूतनीकरण करायचं. त्याला दिलेला जामीन चालू जामीन असतो, वर्षानुवर्षं मागे राहणारा. 130 व्या कलमाखाली बँकेला लेखी नोटीस देऊन तो पुढच्या व्यवहारांपुरता काढून घेता येतो, पण तोवर झालेल्या उचलीची जबाबदारी राहतेच. शिवाय बँकांच्या छापील फॉर्मांत जामीनदाराचे बरेच हक्क आधीच सोडून घेतलेले असतात. तुम्ही आता सत्तरी ओलांडलीत. हा कागद तुमच्या मागे आईच्या गळ्यात पडावा असं तुम्हाला तरी वाटेल का?

तुम्हाला नाही म्हणवत नाहीये याचं कारण मला माहीत आहे, बाबा. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, पण आजोबा गेल्यानंतर हक्कसोडपत्र झालं तेव्हा मी तिथेच होते. आत्याला घरून निरोप गेला होता की नुसती सही करायला ये, नोंदीचं काम अडलंय. ती सकाळच्या एस.टी.ने आली, तहसील कचेरीच्या आवारातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली, बोलावलं तेव्हा आत गेली, सांगितलं तिथे सही केली, आणि आईने बांधून दिलेला फराळ घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेली. एक पैसा मागितला नाही. वडिलांच्या हिश्श्यात मुलीचा वाटा 1956 च्या वारसा कायद्यापासून होता. 1994 साली आपल्या राज्याने तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, 2005 साली तो देशभर, लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. आत्याला हे कुणी समजावून सांगितलं नाही. भावांनी मागितली आणि तिने दिली, तीसुद्धा "नुसती सही"च होती.

आत्याचं हे देणं आपल्यावर आहे, आणि ते फेडलंच पाहिजे असं मीही मानते. पण ते तिच्या मुलाच्या कर्जाला जामीन राहून फिटत नाही. त्यातून तिच्या हाती काय येईल? ते फेडायचं तर तिच्या स्वतःच्या नावावर फेडूया. तिच्या नावाने एक ठेव, किंवा वडिलोपार्जित रानातला काही भाग बक्षीसपत्राने. किती, कसं, ते काकांशीही बोलून ठरवू. धाकटा आणि मी दोघंही त्यात भर घालायला तयार आहोत, आमचं बोलणं झालंय. एकदा दिलं की दिलं, मागे कटकट नाही, आणि तिला म्हातारपणी स्वतःचं म्हणून काही राहील.

मुलासाठीही मार्ग आहे. मुद्रा कर्ज 2015 पासून दुकानदारांना मिळतं, आणि त्याला तारण द्यावं लागत नाही. शिशु 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत. त्याचा खत-बियाण्यांचा परवाना आहे, जी.एस.टी.ची विवरणपत्रं तो नियमित भरतो, दुकान चालतं. त्याने खात्यांचे उतारे आणि विवरणपत्रं मला पाठवावीत, अर्ज मी बसून भरून देईन. सगळी गरज त्यात भागणार नसेल तर कमी पडेल त्यातली एक ठरलेली रक्कम धाकटा आणि मी देऊ. उसनी नव्हे, मदत म्हणून. परत आली तर आनंद, नाही आली तरी राखी पौर्णिमेला त्याने मान खाली घालून यायला नको.

कारण दादाचं तेच झालं. पैशांचं दुःख मला आता उरलेलं नाही. कायद्याने तुम्हाला ते त्याच्याकडून वसूल करता आले असते, तुम्ही विषयही काढला नाहीत, आणि तुमच्या जागी मीही काढला नसता. पण तासगावच्या दीड दिवसाच्या गणपतीला, त्याचा रथ ओढायला दादा दरवर्षी आपल्याकडे असायचा, तो यायचा बंद झाला. घर अंधारून गेल्यासारखं वाटायचं त्या दिवशी. माझ्या लग्नात तो मांडवाच्या कडेला उभा राहून अक्षता टाकून निघून गेला, जेवलाही नाही. तुम्ही त्याला एका शब्दाने बोलला नव्हतात, तरी त्याला तुमच्यासमोर उभं राहवत नव्हतं. आत्याच्या मुलाच्या बाबतीत मला तेच होऊ द्यायचं नाही. तुमचा तो एकुलता भाचा आहे.

तेव्हा बाबा, त्याला आज एवढंच सांगा की ताई शनिवारी येतेय, कागद तिला दाखवू. आत्याशी मी स्वतः बोलेन, तुम्हाला तिच्यासमोर नाही म्हणायला लागू नये. बँकेचं मंजुरीपत्र निघालं असेल तर त्याची प्रत त्याच्याकडून मागून ठेवा. कोऱ्या फॉर्मवर, कुणीही कितीही घाई केली तरी, सही करू नका. हक्कसोडपत्राची नक्कल लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात, शाळेच्या फायलींखाली आहे. तीही काढून ठेवा, काकांकडे जाताना लागेल.

आणि आई, निवृत्तीच्या पैशांतून घेतलेल्या त्या रानाच्या सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे. जमीन तारण द्यायची तर तुझीही सही लागणार, ते तुझ्याकडे येतीलच. चहा दे, जेवायला वाढ, आणि सांग की माझी सही शनिवारनंतर.

तुमची,
ताई