काकांचं युडोरा आणि नवा लॅपटॉप

नाशिक,
रविवार

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू घाईत होतास, आणि हे प्रकरण तसंही फोनवर उरकण्यासारखं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय. साताऱ्याला जाशील तेव्हा पत्र समोर ठेवूनच कामाला बस.

आधी काकांना सांग, त्यांची एकही मेल गेलेली नाही. तू पेनड्राइव्हवर दिलेलं फोल्डर मी नीट बघितलं. आलेल्या मेल्स, पाठवलेल्या मेल्स, 'कास' नावाची वेगळी पेटी, म्हणजे मेल्सचा कप्पा, सगळं जिथल्या तिथे आहे. अडलंय ते फक्त प्रोग्रॅमचं: काकांचा मेलचा जुना प्रोग्रॅम युडोरा नव्या लॅपटॉपवर बसत नाही. दुकानदार 'जुनं सॉफ्टवेअर आहे, सोडून द्या' म्हणाला ते तू मनावर घेऊ नकोस आणि काकांनाही घेऊ देऊ नकोस. कास पठारावरच्या टोपली कारवी या फुलझाडाबद्दल परदेशातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांशी त्यांनी वर्षानुवर्षं केलेला पत्रव्यवहार आहे तो. तो कसा सोडून द्यायचा?

सेटअप का होत नाही ते सांगतो. काकांच्या सीडीवरची युडोराची आवृत्ती विंडोज ३.१ च्या काळातली, १६ बिटची, म्हणजे फार जुन्या घडणीची आहे. विंडोज ९८ वर आणि एक्सपीवर ती चालली, कारण १६ बिटचे प्रोग्रॅम चालवायची सोय त्यांच्यात होती. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ती सोय नसते, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. म्हणून डबल क्लिक केलं की 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही' असं येतं. इथे कंपॅटिबिलिटी मोड लावून किंवा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून काहीही होणार नाही, त्यात वेळ घालवू नकोस. लॅपटॉप चांगला आहे, सीडीही चांगली आहे.

युडोराची विंडोजसाठीची शेवटची मूळ आवृत्ती ७.१.०.९, २००६ सालची. ती ३२ बिटची आहे आणि विंडोज ११ वर चालते. काकांच्या फोल्डरची कॉपी घेऊन मी ती इथे चालवून बघितली, जुन्या पेट्या तिने जशाच्या तशा उघडल्या. सेटअप पेनड्राइव्हवर टाकून ठेवलंय.

आता एक गोष्ट फार जपून कर. सेटअप 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये बसवायला निघेल, तिथे बसवू नकोस. त्या फोल्डरमध्ये लिहायला विंडोज जुन्या प्रोग्रॅमना मोकळीक देत नाही. त्यांनी लिहिलेलं गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या दुसऱ्याच जागी जातं आणि मग एका पेटीच्या दोन प्रती होऊन बसतात. सरळ सी ड्राइव्हवर 'युडोरा' नावाचं फोल्डर कर, जुन्या मशीनवर होतं अगदी तसंच. नाव आणि जागा तीच ठेवायला आणखी एक कारण आहे. युडोरा मेलबरोबर आलेली फाइल मेलमधून काढून 'अटॅच' फोल्डरमध्ये ठेवतं आणि मेलमध्ये फक्त एक ओळ सोडतं, त्या फाइलच्या पूर्ण पत्त्याची. पत्ता बदलला की काकांनी फुलाच्या फोटोवर क्लिक केलं तरी काही उघडणार नाही. फोटो डिस्कवर असेल, पण मेलला तो सापडणार नाही.

फोल्डर कॉपी करताना त्यातलं काहीही वगळू नकोस. प्रत्येक पेटीच्या दोन फाइल्स दिसतील, एक एमबीएक्स आणि एक टीओसी. मेल्स एमबीएक्समध्ये असतात, टीओसी ही त्यांची सूची. सूची उडाली तर युडोरा नवी करतं, पण कुठली मेल वाचली, कुणाला उत्तर दिलं या खुणा पुसल्या जातात. काकांना त्या खुणा हव्याच असणार.

अँटिव्हायरसकडेही लक्ष दे. पेटीतल्या सगळ्या मेल्स एकाच फाइलमध्ये असतात. वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या मेलमध्ये व्हायरसचा अंश सापडला तर अँटिव्हायरस अख्खी पेटी उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी कोंडून, टाकू शकतो. म्हणून आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी, नंतरच बाकीचं.

आणि मेल आणायला-पाठवायला मात्र हे युडोरा लावू नकोस. आजचे सर्व्हर मेल सुरक्षित नेण्यासाठी टीएलएस या पद्धतीची १.२ किंवा त्यापुढची आवृत्ती मागतात, २००६ च्या प्रोग्रॅमला ते येत नाही. 'एसटनेल' नावाचा एक प्रोग्रॅम मध्ये बसवून वाट काढता येते, पण ती काकांच्या वयाला रोज सांभाळायला लावणं मला पटत नाही. शिवाय काकूंना आता मराठीतच मेल्स येतात आणि युडोराला युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरं साठवायची आजची पद्धत, कळत नाही. देवनागरीतल्या एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हं दिसतात. तेव्हा रोजच्या मेलसाठी थंडरबर्ड हा आजचा मेल प्रोग्रॅम टाक. त्यात जीमेलचं खातं गूगलच्या नेहमीच्या खिडकीतून जोडलं जातं. युडोरात मेल तपासायच्या वेळेपुढे शून्य मिनिटं लिही, म्हणजे ते स्वतःहून सर्व्हरकडे जाणार नाही.

तू विचारशील, मग जुन्या मेल्सही थंडरबर्डमध्येच का नाही ओतायच्या? ओतता येतात, पण नुसत्या पेट्या ओतल्या तर फोटो आणि फाइल्स त्यांच्याबरोबर येणार नाहीत, कारण त्या मेलमध्ये राहिलेल्याच नाहीत. माझं स्पष्ट मत आहे, जुना पत्रव्यवहार वाचायला युडोराच ठेवावं.

तुला सांगतो, ही फोल्डरं उघडली आणि स्टीव्ह डॉर्नरबद्दल फार आदर वाटला. इलिनॉय विद्यापीठात असताना १९८८ साली त्याने युडोरा लिहिलं, पुढे ते क्वालकॉम कंपनीकडे गेलं. पेट्यांमधला मजकूर त्याने साधा ठेवला. काकांची 'कास' पेटी मी नोटपॅडमध्ये उघडली आणि तिथेही मेल्स वाचता आल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर एक ठरावीक ओळ, तारीख, मग मजकूर. कुठलीही कंपनी बंद पडो, हे शब्द वाचता येतील, आणि मेल सांभाळणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमने असंच करायला हवं असं मला मनापासून वाटतं. २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने युडोराचा सोर्स कोडही सगळ्यांसाठी खुला केला.

एक काम मात्र तुझ्याकडे. 'अटॅच'मध्ये काकांचे मराठी लेख आहेत, वर्डच्या फाइल्स. त्या शिवाजी आणि श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. ते फॉन्ट नसतील तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि काकांना वाटेल फाइलच बिघडली. जुन्या मशीनच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्टचं फोल्डर कॉपी करून मला पाठव, म्हणजे कुठला लेख कुठल्या फॉन्टचा ते मी लावून देतो. आणि ते होईपर्यंत जुनी हार्डडिस्क कुणालाही फॉरमॅट करू देऊ नकोस, त्या दुकानदाराला तर नाहीच.

शनिवारी जमणार असेल तर आदल्या दिवशी कळव, मीही साताऱ्याला येतो. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
विनू