चेरीचं झाड बुंध्याकडून बघावं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'चेरी ब्लॉसम' घरी लावण्याविषयी जो मजकूर आला, त्याचं कात्रण धाकट्या बहिणीने पुण्याहून व्हॉट्सॲपवर पाठवलं. नुसतं पाठवलं नाही, ऑनलाइन रोपही मागवून मोकळी झाली. म्हणून हे पत्र. मी बावीस वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. अंगणात चेरीचं एक झाड मारलं आणि दुसरं जगवलं, एवढाच माझा अधिकार.

पुण्याच्या गच्चीत जपानी चेरी फुलणार नाही. तिला पानं गाळून आठवडेच्या आठवडे थंडीत झोपावं लागतं. पुण्यात डिसेंबरात पहाटे कुडकुडायला झालं तरी दुपारी पारा तिशीला टेकतो, तेवढ्याने भागत नाही. विक्रोळीला द्रुतगती मार्गावर फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी बहर दिसतो तो टॅबेबुयाचा, म्हणजे बसंतराणीचा. हौस असेल तर ती लाव, असं बहिणीला सांगितलं. आपल्या देशातली खरी चेरी हिमालयात आणि शिलाँगकडे, नोव्हेंबरात फुलते. काष्ठौषधीच्या दुकानात पद्मकाष्ठ मिळतं ते तिचंच.

पण आपले बरेच वाचक आता थंड मुलखांत आहेत आणि ते चेरी लावतातच. आपल्या लेखात वर्णन होतं ते फक्त फुलांचं. मीही फुलंच बघून घेतली होती. एप्रिलात गार्डन सेंटरमध्ये दुहेरी गुलाबी फुलांनी लदलेलं 'क्वान्झान' जातीचं चेरीचं झाड दिसलं, पाकीट उघडलं. पाचव्या वर्षी खोडातून डिंक गळू लागला. माती उकरली तर मुळं जिथून फाकतात तो भाग चार इंच खाली गाडलेला! कुंडीतच तसा होता, मी तसाच लावला. त्यावर गवत कापायला येणारा दर वसंतात खोडाभोवती लाकडाच्या भुश्याचा ढीग रचायचा आणि मला ते टापटीप वाटायचं. साल ओली होऊन हातात आली, आत खोड पोखरणाऱ्या अळ्या.

दुसऱ्या वेळी दुकानात आधी गुडघ्यांवर बसलो. बुंधा जमिनीशी रुंद होताना दिसतोय ना, कलमाचा सांधा धड आहे ना, कुंडीत मुळं गोल गुंडाळलेली नाहीत ना, हे पाहिलं. वॉशिंग्टनला 1910 साली जपानने भेट दिलेली दोन हजार झाडं कीड आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत) सापडले म्हणून अमेरिकेने जाळून टाकली होती. आज तिथे दिसतात ती 1912 ला आलेल्या 3,020 झाडांच्या खेपेची परंपरा. दोन देशांच्या भेटीलाही तपासणी चुकली नाही, तर आपण का लाजायचं?

जातीचं म्हणाल तर 'योशिनो' एकेरी, जवळजवळ पांढऱ्या फुलांची; पण तीस-चाळीस फूट पसरते, तेव्हा घराला किंवा तारांना खेटून नको. क्वान्झान तिच्याहून थोडी लहान, पण अल्पायुषी. वीस वर्षं निघाली तर भरून पावलं समजायचं. दोघींना भरपूर ऊन हवं, पाणी साचणारी जागा नको. खुंटाला (ज्यावर कलम बांधलेलं असतं त्या खालच्या झाडाला) धुमारे फुटले तर लगेच काढावेत, नाहीतर कलम राहतं बाजूला आणि खुंटच वाढतो. छाटणी हिवाळ्यात नको. बहर ओसरल्यावर, कोरड्या उन्हाळ्यात, तीही वाळकी फांदी असेल तरच. जपानीत म्हण आहे, चेरी छाटतो तो मूर्ख आणि उमे छाटत नाही तोही मूर्ख. (उमे म्हणजे जर्दाळूच्या जवळचं त्यांचं फळझाड.) फुलं मनसोक्त बघायची तर नूअर्कच्या ब्रँच ब्रूक पार्कात जातो. पाच हजारांवर झाडं आहेत, वॉशिंग्टनहून जास्त.

परवा बहिणीच्या रोपाचा फोटो मोठा करून पाहिला. चेरीच्या पानाची कडा करवतीसारखी असते आणि देठावर, पात्यालगत, दोन बारीक गाठी असतात. या पानाची कडा गुळगुळीत, गाठींचा पत्ता नाही. तिने विकणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, फूल आल्यावर कळेल."

आपला नम्र,
एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)