‘फॉर्म बी’ कागदावर, पंप बंद

महोदय,

जुलै तोंडावर आला आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजेच सोसायट्यांच्या परिचयाचा ‘फॉर्म बी’, दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत अग्निशमन दलाकडे सादर करावा लागतो. अनेक गृहनिर्माण संस्थांत मात्र हे काम निव्वळ कागदोपत्री उरकले जाते. कंत्राटदाराचा माणूस येतो, अग्निशामक सिलिंडरवर नव्या तारखेचे लेबल चिकटवतो आणि सचिवांची सही घेऊन जातो. सर्वांत वरच्या मजल्यावरील होजरीलमधून, म्हणजे आगीवर पाणी मारण्यासाठी चक्रावर गुंडाळलेल्या नळीतून, पुरेशा दाबाने पाणी येते की नाही, हे पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. पाइपला गळती असल्याने पंप सारखा सुरू होतो, म्हणून तो ‘ऑटो’वरून, म्हणजे आपोआप सुरू होण्याच्या स्थितीतून, काढून ठेवलेला असतो आणि खोट्या इशाऱ्यांना कंटाळून धूरसूचक यंत्रणेचा आवाजही बंद केलेला असतो. परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये ऑगस्ट २०१८ मध्ये लागलेल्या आगीत चौघांचा बळी गेला, तेव्हा तेथील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत नसल्याचे उघड झाले होते.

या कायद्याने जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावरही टाकली आहे, ही गोष्ट आपण सदस्य सोयीस्करपणे विसरतो. गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे आग लागली ती तळमजल्यावर, पार्किंगच्या भागात; तरीही धुराने वरच्या मजल्यांवरील रहिवाशांना गाठले आणि किमान सात जणांचे प्राण गेले. जिना आणि विजेच्या तारांचा डक्ट हे धुराचे वर चढण्याचे मार्ग असतात, आणि नेमक्या त्याच जागा आपण चपलांची कपाटे, जुन्या गाद्या, सायकली व दिवाळीचे आकाशकंदील ठेवण्यासाठी वापरतो. जिन्याचे अग्निरोधक दार वारा यावा म्हणून वीट लावून उघडे ठेवायचे, गच्चीला कुलूप घालून किल्ली नेमकी कोणाकडे आहे याचा पत्ता नसायचा, आणि चोरांच्या भीतीने खिडक्यांना बसवलेल्या लोखंडी जाळ्यांत बाहेर पडण्यासाठी उघडणारी एक झडपही ठेवायची नाही, असा हा सारा प्रकार आहे. (हा विषय वार्षिक सभेत काढला की चर्चा लगेच पार्किंगच्या वादाकडे वळते, हा भाग निराळा.)

क्रिस्टल टॉवरमध्ये एका शाळकरी मुलीने शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला सांगितले होते आणि त्याचे योग्य ते कौतुक झाले. पण ओले कापड काजळी अडवते, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. त्यामुळे धूर भरलेल्या जिन्यात शिरण्यापेक्षा घराचे दार लावून, त्याच्या फटी ओल्या टॉवेलने बुजवून खिडकीपाशी थांबणे आणि १०१ वर मजला व सदनिका क्रमांक कळवणे पुष्कळदा अधिक सुरक्षित ठरते, हेही रहिवाशांना सांगितले गेले पाहिजे.

येत्या जुलैची तपासणी सदस्यांसमक्ष, शक्यतो रविवारी, पंप व होजरील प्रत्यक्ष चालवून व्हावी आणि फॉर्मची प्रत सूचना फलकावर लावली जावी, असा ठराव प्रत्येक सोसायटीने करावा. अग्निशमन दलानेही ज्या इमारतींकडून हा फॉर्म आलेला नाही, त्यांची प्रभागनिहाय यादी प्रसिद्ध करावी आणि आलेल्या फॉर्मपैकी काहींची पूर्वसूचना न देता पडताळणी करावी, अशी विनंती आहे.

– एक सोसायटी सदस्य, ठाणे